काचेआडचं ऊन

९ मार्च

आजपासून नोंदी ठेवायचं ठरवलं आहे. काल इग्वाना पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर बेकरीवालीने लिहिलं, "सर, आता तुम्ही पुस्तकच लिहा." तिच्याकडे एक लहान इग्वाना आहे. खाली अकरा जणांनी अंगठे उठवले. हिला मोबाईल दाखवला तर भाजी चिरता चिरता म्हणाली, "अकरा जणांनी अंगठा दाखवला म्हणा की." हिचं हे असं. तरी संध्याकाळी लॅबमधून येताना जाड पुठ्ठ्याची ही वही घेऊनच आलो.

सुरुवात सरदारपासून करावी. सरदार म्हणजे माझा इग्वाना. सरडाच, पण सरडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुंपणावरचं वीतभर जनावर येतं. सरदार नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच फुटांना दोन बोटं कमी आहे. सहा वर्षांपूर्वी आणला तेव्हा तळहातावर मावायचा. आता अर्धा सोफा त्याचा. गळ्याखाली लोंबती कातडी, पाठीवर करवतीसारखे काटे, आणि चेहऱ्यावर भाव असा की घर त्याचं आणि आम्ही दोघं भाड्याने राहतो. खातो मात्र पालेभाजी.

आता माझ्याबद्दल. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, चोवीस वर्षं झाली. दातांचे डॉक्टर फोन करून म्हणतात, "अरे, ती वरची कवळी झाली का?" शास्त्र शाखेचं दुसरं वर्ष अर्धवट सुटलं, त्यामुळे मला कोणी सर म्हणायचा प्रश्नच नव्हता. ग्रुपवर मात्र चाळीसेक माणसं सर म्हणतात. हे पुस्तकात घालायचं नाही.

११ मार्च

हिच्याशी परत तेच. सकाळचे नऊ वाजले की ही झाडू घेऊन सरदारला बाल्कनीत हाकलते आणि दार लावून घेते. "केर काढू की त्याची शेपटी ओलांडत फिरू?" म्हणते. मी निघतो तेव्हा तो कठड्यावर, कपड्यांच्या दोरीखाली पसरलेला असतो. किती वेळा सांगितलं, त्याला घरात ठेव, स्थिर उबेत राहू दे, बाहेर धूळ आहे, कावळे आहेत. ऐकेल तर शपथ. मी इतकं वाचून शिकायचं आणि घरात कारभार झाडूचा.

२२ मार्च

आज ड्रायव्हरकाका घरी आले होते. ग्रुपवर नवीन आहेत. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, आणि भाचा परगावी गेला तो जाताना त्यांना एक इग्वाना देऊन गेला. मादी आहे, अजून लहान. नाव ठेवलंय ठकी.

मला गंमत वाटली ती त्यांच्या वहीची. शाळेतल्यासारखं तपकिरी कव्हर, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'ठकी'. आत तेवीस प्रश्न, क्रमांक घालून. मी बोलत होतो आणि ते उतरवून घेत होते. "सर, जरा सावकाश. 'पालक रोज नको' लिहिलं. पुढे?" माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि वाक्यागणिक सर.

अठरावा प्रश्न दिव्याचा होता. त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं की इग्वानाला तो खास किरणांचा दिवा लागतोच. मी हसलो. म्हटलं, "काका, जंगलात कोण जाऊन दिवे लावतं? कंपन्यांची चलाखी आहे सगळी. ऊन असलं की झालं."

"ऊन आहे ना! आमच्या हॉलला ही एवढी मोठी काच आहे. उघडत नाही, बसवलेली आहे, पण दुपारभर आत छान ऊन असतं. चालेल?"

"चालेल."

त्यांनी लिहिलं आणि खाली पट्टीने रेघ मारली. पट्टी घरून आणली होती!

ही चहा घेऊन उभी होती. "पण आपला तर बाहेर..." असं काहीतरी तिने सुरू केलं. मी म्हटलं, "तू बिस्किटं आण." जाणकार बोलत असताना मध्ये तोंड घालायची तिला सवयच आहे.

काकांनी जिना उतरताना वळून पुन्हा हात केला. दिवसभर बरं वाटत होतं.

३० एप्रिल

तिसरं प्रकरण पूर्ण झालं: 'ऊन आणि दिव्यांचं थोतांड'. ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यात वर चिकटवून ठेवलं, म्हणजे नव्या माणसाला आधी तेच दिसेल. एकाने शंका काढली की पुस्तकांत तर दिवा सांगितलाय. मी लिहिलं, "पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन माझा सरदार बघावा." त्यावर चौदा अंगठे.

काकांनी ठकीचा फोटो टाकलाय. काचेला नाक लावून बसली आहे, अंगावर उन्हाचा चौकोन. खाली लिहिलंय, "सरांच्या सांगण्याप्रमाणे." छान आहे फोटो. विचारून पुस्तकात घेईन.

१६ ऑगस्ट

बेकरीवालीचा इग्वाना गेला. महिनाभर खात नव्हता म्हणे, पाय थरथरायचे. "सर, माझं काही चुकलं का?" असं विचारलं तिने. मी लिहिलं की पोटात काहीतरी गिळलं गेलं असणार, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तिने लगेच उत्तर दिलं, "थँक्यू सर. तुमच्याशी बोलून बरं वाटलं."

लॅबमध्ये कामाचा ढीग पडला आहे. पुस्तक मागे पडलं.

५ ऑक्टोबर

काकांचा फोन. ठकी फांदीवर चढत नाही, काचेपाशीच पडून असते. मी म्हटलं, वाढीचं वय आहे, आळसावतात कधी कधी. "मग काळजीचं नाही ना सर?" "नाही हो."

सरदारकडे बघितलं. तो नुकताच हिच्या पडद्यावर चढून पडद्यासकट खाली आला होता. तरतरीत प्राणी.

१९ ऑक्टोबर

सुट्टी होती म्हणून काकांकडे जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वच्छ, प्रत्येक वस्तू जागेवर. काकूंना पहिल्यांदाच भेटलो. काका सांगत होते, पहिले दोन महिने काकू ठकी असलेल्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत, आता रोज सकाळी तिच्यासाठी पानं बारीक चिरतात, शिरा काढून. काकू म्हणाल्या, "शिरा घशात अडकल्या तर? बोलता येतं का तिला?"

ठकी खिडकीपाशी टॉवेलवर होती. पुढच्या पायाची बोटं आपोआप हलत होती, कुणी टाइप करतंय तशी. मी तिला उचललं, सवयीने हनुवटीखाली बोट घातलं.

मी रोज जबडे हाताळतो. प्लास्टरचे, मेणाचे, अॅक्रेलिकचे. कुठे हाड झिजलं, कुठे हिरडी सुजली, साच्यावर बोट फिरवूनच मला कळतं. ठकीचा जबडा माझ्या बोटाखाली दबला. खोडरबरासारखा. दबला आणि सावकाश परत वर आला.

"काय वाटतं सर?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, थोडी सूज आहे, डॉक्टरांना दाखवून घेऊ. दुपार झाली होती. खोलीभर ऊन होतं. मी उगाच काचेला हात लावून पाहिला. काच चांगली गरम होती.

२१ ऑक्टोबर

जे झालं ते लिहून काढतो. पुस्तकासाठी नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे काका आणि मी ठकीला बास्केटमधून घेऊन गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडाच्या पाटीवर लावला. मी बघितला. हाडं असायला हवीत तिथे फिकट धूर होता.

"दिवा कुठला लावता?" त्यांनी विचारलं.

"दिवा नाही, पण ऊन भरपूर मिळतं तिला," काका म्हणाले. "हॉलला मोठी काच आहे."

"काचेतून?" बाई खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, काच उजेड आत सोडते, ऊब आत सोडते. पण हाडांना जे किरण लागतात ते अडवते. तुम्ही तिला इतके महिने उबेत ठेवलंत, आणि तिची हाडं मात्र उपाशी राहिली. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचायला लागलो.

काकांनी हातातली वही बास्केटवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्याच समजण्यात काही गफलत झाली असेल."

"तुमची नाही हो. या दोन महिन्यांतली ही चौथी केस. कुठल्यातरी ग्रुपवर कोणी दीडशहाणा बसलाय आणि लोकांना सांगत सुटलाय, दिवा लागत नाही म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडेही आहे ना इग्वाना? तुम्हाला तर माहीत असेल हे."

मी म्हटलं, "हो ना. लोक काहीही सांगतात."

असंच म्हटलं. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात.

काका औषध घ्यायला काउंटरवर गेले. त्यांची वही बास्केटवर होती. बाई आतल्या खोलीत हात धूत होत्या. मला वाटलं, त्यांनी वही चाळली तर? पान सापडायला वेळ लागला नाही, पट्टीने मारलेल्या रेघा फक्त तीनच ठिकाणी होत्या. पान फाडताना मी खोकलो.

काकांच्या लक्षात आलं नाही, एवढं नशीब.

२२ ऑक्टोबर

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कुणी नव्हतं तेव्हा ते पान बर्नरवर धरलं. 'प्र. १८' असं लिहिलेलं होतं. 'काचेतून ऊन: चालेल (सर).' कंसात सर. रेघ सगळ्यात शेवटी जळली.

घरी आलो. ग्रुपवर वर चिकटवलेला लेख काढला. त्या जागी नवीन लिहिलं, "इग्वानाला किरणांचा दिवा किंवा उघड्यावरचं थेट ऊन अत्यावश्यक. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. मी हे नेहमीच सांगत आलो आहे."

तासाभरात एकोणीस अंगठे. एकाने लिहिलं, "सर, तुम्ही आहात म्हणून आम्हाला योग्य माहिती मिळते."

मोबाईल उशीखाली सारला.

२४ ऑक्टोबर

सकाळी निघायची घाई केली नाही, बसून सगळं डोळ्यांनी बघितलं. नऊ वाजले. हिने झाडू आपटला. सरदार हळूहळू सोफ्यावरून उतरला, बाल्कनीत गेला, कठड्यावर चढला आणि डोळे मिटून अंग चपटं करून उन्हात पसरला. उघड्या उन्हात.

मी हिला विचारलं, "किती वेळ असतो तो बाहेर?"

"स्वयंपाक आवरून कपडे वाळत पडेपर्यंत. दोन-अडीच तास."

"रोज?"

"सहा वर्षं झाली. तुम्ही आज बघताय?"

सहा वर्षं मी लोकांना माझा सरदार दाखवत होतो.

२९ ऑक्टोबर

ठकीचा मागचा पाय मोडला. टॉवेलवरून उतरताना, फक्त उतरताना. काकांच्या घराला बाल्कनी नाही. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा, इथे ऊन मिळेल, औषध मी देईन. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "सरांनी ठकीला स्वतःच्या घरी नेलं आहे. अशी माणसं कुठे मिळतात?"

किती अंगठे आले ते बघितलं नाही.

औषध मी देईन म्हटलं, पण पहिल्याच वेळी ड्रॉपर तिच्या डोळ्याला लागला. हिने माझ्या हातातून काढून घेतला. ठकीला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलं, जबड्याच्या कडेने एकेक थेंब सोडला. "गिळ गं बाई," म्हणाली, "कडू आहे, माहीत आहे मला." सरदारशी सहा वर्षांत इतकी गोड कधी बोलली नाही.

४ नोव्हेंबर

काका रोज येतात. दोन बस बदलून. ज्या मार्गावर स्वतः गाडी चालवायचे त्याच मार्गाने, आता मागच्या सीटवर बसून. बाल्कनीत स्टूल टाकून ठकीशेजारी तासभर बसतात. माझी घरी यायची वेळ आणि त्यांची निघायची वेळ एकच असते, म्हणून मी लॅबमध्ये रेंगाळायला लागलो. आज गाठ पडलीच.

"सर, एक विचारू? त्या दिवशीपासून मी वही चाळतोय. उन्हाचं मी काय लिहिलं होतं ते बघायचं होतं. पान नाही सापडत. कुठेतरी गळून पडलं असेल."

मी म्हटलं, "असेल."

"बसच्या इंजिनाशेजारी बसून बसून माझा डावा कान गेलाय. तुम्ही 'चालणार नाही' म्हणाला असाल आणि मी 'चालेल' ऐकलं असेल. असं होऊ शकतं ना?"

माझ्याकडेच बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "होऊ शकतं."

"हं," ते म्हणाले. मग ठकीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं आणि निघाले.

स्वयंपाकघरातला नळ मघापासून बंद होता. ही दारात येऊन उभी राहिली.

"त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"मी त्या दिवशी चहा घेऊन उभी होते. माझे दोन्ही कान शाबूत आहेत."

मग जेवायला वाढलं. भाजी संपली तरी मी मागितली नाही.

७ नोव्हेंबर

सांगायचं ठरवून बाल्कनीत गेलो. काकांनी विचारलं, "दमलात का सर?" मी म्हटलं, हो, काम फार आहे. आणि आत आलो.

९ नोव्हेंबर

आज सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन. ही म्हणाली, बाल्कनीत नको, आपल्या घरी पाहुणा असतो माणूस, चिडता येत नाही. तिचं बरोबर होतं.

काका-काकू दोघंही होते. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. दोन वाक्यं घोकून गेलो होतो, ती विसरलो. शेवटी म्हटलं, "काका, तुमचा कान ठीक आहे. मी 'चालेल'च म्हणालो होतो. आणि ते पान मी फाडलं. दवाखान्यात. तुम्ही औषध घेत होता तेव्हा."

काका टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

"कशावरून?"

"सर, पान फाटलं की वहीच्या दुसऱ्या बाजूचं पान सुटं होतं. आणि तुम्ही काय बोललात ते मी कसा विसरेन? ती वही घेऊन तर मी तुमच्याकडे आलो होतो. डॉक्टरबाईंसमोर तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, इथे नको. आमचा एक कंडक्टर होता, विनातिकीट माणूस सापडला की भर गाडीत त्याचा पाणउतारा करायचा. मला ते बघवायचं नाही. मी गाडी थांबवून म्हणायचो, खाली उतरून बोला दोघं. त्या दिवशी बाल्कनीत मी तुम्हाला ते कानाचं विचारलं ना, ते उतरायला जागा दिली होती हो. तुम्ही उतरला नाहीत."

मग काका स्वतःच म्हणाले, "होतं माणसाकडून. सोडा आता."

"नाही होत," काकू म्हणाल्या.

त्या आतापर्यंत खिडकीपाशी उभ्या होत्या. तिथे ठकीचा टॉवेल अजून घडी घालून ठेवलेला होता.

"ह्यांचं सोडा, ह्यांना बत्तीस वर्षं सगळ्यांना बसमध्ये घ्यायची सवय आहे. न कळून चुकीचं सांगितलंत, ते मी समजू शकते. मलाही काय कळत होतं? पण पान फाडलंत. सगळं आठवत असूनही हे घरी येऊन मला विचारायचे, 'मी बहिरा झालोय का गं?' तुम्हाला माहीत होतं ना, तुम्ही त्यांना हो म्हणालात तेव्हा? की हा माणूस घरी जाऊन स्वतःला खात बसणार?"

"अगं..." काका म्हणाले.

"तुम्ही थांबा. आणखी किती जणांना सांगितलंत हे?"

"नक्की माहीत नाही."

"मग मोजा. मोबाईल आहे ना खिशात? बसा इथेच."

मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो आणि मार्चपासूनचा सगळा ग्रुप वाचून काढला. दर थोड्या वेळाने माझाच शब्द यायचा. चालेल. काही हरकत नाही. खिडकीपाशी ठेवा. चालेल. कित्येक ठिकाणी तर जेवता जेवता, टीव्ही बघता बघता टाइप केलेलं असणार. काकूंनी कागद दिला, त्यावर नावं लिहिली. सतरा झाली.

"आता फोन करा," काकू म्हणाल्या. "ग्रुपवर लिहू नका. लिहिलेलं काढता येतं."

पहिला फोन बेकरीवालीला लावला. मागे भट्टीचा पंखा घोंगावत होता. मी सगळं सांगितलं, तिचा इग्वाना गिळण्याने गेला नव्हता हेही.

ती म्हणाली, "मी तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं."

मी म्हटलं, "हो."

तिने फोन ठेवला.

काकूंनी पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. चहा विचारला नाही.

१० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, तो दीडशहाणा मी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हं," म्हणाल्या. "बऱ्याचदा समोरच बसलेला असतो." पुढचं पेशंट एक म्हातारं कुत्रं होतं, ते आत येऊन माझे बूट हुंगत उभं राहिलं. बाईंनी माझी यादी मागून घेतली आणि म्हणाल्या, यांना सगळ्यांना तपासायला घेऊन यायला सांगा, लवकर आले तर बहुतेक वाचतील. मला वाटलं होतं चार शब्द ऐकवतील. त्यांना वेळ नव्हता.

१३ नोव्हेंबर

सतरापैकी बारा झाले. एकाने आईवरून शिवी दिली. एकाने हसून सोडून दिलं, त्याच्याकडे गच्ची आहे, जनावर ठणठणीत आहे. एक बाई रडल्या. एक म्हणाला, "पण सर, तुम्ही तर म्हणाला होता की तुम्ही नेहमीच सांगत आलाय," आणि ते वाक्यही मी खोटंच लिहिलं होतं हे मला समजावून सांगावं लागलं.

ग्रुपवरही सगळं लिहिलं, फोन करून झाल्यावर. सहा माणसं निघून गेली. आता तिथे कुणी मला काही विचारत नाही. एकाने चुकून विचारलं, लगेच पुसलं.

१५ नोव्हेंबर

काका आज आले नाहीत. काल दुपारीही आले नव्हते. हिने फोन केला तर काकूंनी उचलला. दोघी बराच वेळ बोलल्या. ही फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.

नंतर मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"ठकीचं विचारत होत्या."

"आणि काका?"

"बरे आहेत. येतील म्हणाल्या, तुम्ही लॅबमध्ये असताना."

२६ नोव्हेंबर

ठकीने आज स्वतःहून जास्वंदीचं फूल खाल्लं. जबडा कडक होतोय, पण वाकडाच राहणार. मागचा पाय आडवा टाकून चालते. बाई म्हणाल्या, जगेल. मी हनुवटीखाली बोट घालून बघायला गेलो तर तिने तोंड फिरवलं. सरड्यांना माणसं ओळखू येतात की नाही यावर मी पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिणार होतो.

हिला म्हटलं, "सरदार वाचला तो तुझ्यामुळे."

ती पिळलेली चादर झटकत होती. म्हणाली, "मला केर काढायचा होता." जरा वेळाने म्हणाली, "त्या दिवशी मी बिस्किटं आणायला आत गेले ना, ते जाऊ नये होतं."

मी म्हटलं, "तुझी काय चूक?"

"चूक नाही म्हणत. जाऊ नये होतं, एवढंच म्हणतेय."

८ डिसेंबर

ठकी आज घरी गेली. काकांच्या सोसायटीने गच्चीची किल्ली द्यायचं कबूल केलं आहे, आणि घरात आता दिवाही आहे.

सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे मी घरी होतो. काकू एकट्याच आल्या, काका खाली टॅक्सीत थांबले होते. त्यांचा गुडघा दुखतोय म्हणाल्या. मी खिडकीतून बघितलं, काका टॅक्सीच्या बाहेर उभे राहून ड्रायव्हरशी हातवारे करत गप्पा मारत होते. मी हात केला. त्यांनी वर बघितलं नाही. की बघितलं, कोण जाणे.

काकू माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. "कसे आहात?" असं विचारलं, मी "बरा" म्हटलं. मग त्या हिच्याबरोबर बाल्कनीत गेल्या.

"औषध कसं देता ते दाखवा मला," काकू म्हणाल्या. "मी करून बघते."

हिने दाखवलं. टॉवेल कसा गुंडाळायचा, आडवा पाय कुठल्या हाताने सावरायचा, थेंब कुठल्या बाजूने सोडायचा. काकूंनी केलं. पहिल्यांदा थेंब ओघळला, दुसऱ्यांदा गिळला गेला. "आणि गच्चीवर किती वाजता न्यायची?" "नऊनंतर. पण सावली हवी थोडी, तिची तिला सरकता आलं पाहिजे. आमचा दोरीवरच्या चादरीखाली जातो." "म्हणजे चादर वाळत घालू?" "घाला ना, दोन्ही कामं होतील." हसल्या दोघी.

मी हॉलमध्ये उभा होतो. मला यातलं बरंच माहीत आहे, वाचलेलं आहे. मध्ये दोन ठिकाणी सांगण्यासारखंही होतं. सरदार सोफ्यावरून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता.

काकूंनी ठकीला बास्केटमध्ये घातलं, वर टॉवेल टाकला. हिने औषधांची पिशवी आणि चिरलेल्या पानांचा डबा घेतला. दोघींचे हात भरलेले होते. मी पुढे होऊन म्हटलं, "मी घेतो बास्केट. खाली सोडतो."

"नको, माझ्याकडे राहू दे," काकू म्हणाल्या. "तुम्ही जरा दार धरा."

मी दार धरलं. त्या बाहेर पडल्या, मागोमाग ही. जिना उतरताना काकू विचारत होत्या की आभाळ आलं त्या दिवशी काय करायचं, आणि ही सांगत होती. एकेका मजल्यावर आवाज बारीक होत गेला. तो येईनासा झाला तरी मी दोन्ही हातांनी दार धरून उभा होतो. दार काही जड नाही.